पंडिता रमाबाई : पायी यात्रा व अनाथ लेकरे



अनाथ लेकरांसाठी मंडळीतील लहानथोरांनी एके दिवशी मिळून पायी चालावे, आणि जितके कोस पाय चालतील तितक्या कोसांमागे ठरावीक रक्कम देण्याचे वचन ओळखीच्या माणसांनी अगोदर लिहून द्यावे, अशी एक रीत देशोदेशींच्या मंडळ्यांत पडली आहे. आमच्या बुलढाणा जिल्ह्यातील खेड्यांस ही रीत कदाचित नवी वाटेल; पण पायी चालणे येथे कोणास नवे आहे? शेगावची पालखी पंढरपुरास पायी जाते. आपले जुने उपदेशकही एका गावाहून दुसऱ्या गावी, हातात पुस्तक व खांद्यावर घोंगडी घेऊन, पायीच फिरत असत. तेव्हा ज्या मंडळ्या असा बेत करू पाहतात त्यांच्यापुढे आम्ही आज पंडिता रमाबाईंचे चरित्र ठेवीत आहो. त्यांचे नाव आपल्यापैकी बहुतेकांस ठाऊक आहे. परंतु त्या किती चालल्या, कशासाठी चालल्या, आणि त्या चालण्याचे पुढे काय झाले, हे फार थोड्यांस ठाऊक असेल.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ नावाच्या ठिकाणी झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान ब्राह्मण होते. स्त्रियांनी संस्कृत शिकू नये असा लोकांचा आग्रह असतानाही त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला ती भाषा शिकविली, आणि त्यापायी जातभाईंचा रोष पत्करून रानात आश्रम बांधला. तेथे विद्यार्थी येत, पाहुणे येत, यात्रेकरू येत, आणि शास्त्रीबुवा कोणासही उपाशी परत पाठवीत नसत. असे करता करता गाठीचे द्रव्य संपले. रमाबाई सहा महिन्यांच्या असतानाच हे कुटुंब घरदार सोडून तीर्थयात्रेस निघाले. तान्ही मूल चालणार कशी? तिला वेताच्या पेटीत घालून एका माणसाच्या डोक्यावर दिले. रमाबाईंच्या प्रवासाचा आरंभ असा दुसऱ्याच्या डोक्यावरून झाला. पुढचे मैल मात्र त्यांचे स्वतःच्या पायांचे होते.

हे कुटुंब भीक मागत नसे. देवळाच्या ओसरीवर, नदीच्या घाटावर, किंवा झाडाखाली बसून ते पुराण वाचीत; ऐकणारे येत, वंदन करीत, आणि फुले, फळे, धान्य, पैसा जे काय द्यावयाचे ते पुढे ठेवून जात. पोटापुरते ठेवून उरलेले शास्त्रीबुवा दानधर्मात घालीत. आईने रमाबाईंस संस्कृत शिकविले, तेही वाटेवरच. मुक्कामाच्या जागी, पहाटेच्या अंधारात, पुस्तक न घेता तोंडपाठ. लहान वयातच त्यांस भागवताचे अठरा हजार श्लोक मुखोद्गत झाले होते. ज्या मुलीला एका गावी चार महिने राहण्यास मिळाले नाही, तिचे शिक्षण शाळेत बसणाऱ्या कित्येकांपेक्षा पुढे गेले, हे आमच्या शाळामास्तरांनी ध्यानात घ्यावे.

नंतर १८७४ चा दुष्काळ आला. मद्रास इलाख्यात पाऊस पडला नाही, धान्य मिळेना, आणि पुराण ऐकण्यास येणाऱ्यांच्याच घरी चूल पेटेना, तेथे पुराणिकापुढे कोण काय ठेवणार? जवळची भांडी गेली, वस्त्रे गेली, दागिने गेले. अंगमेहनतीचे काम करणे हे त्या कुळात हीनपणाचे मानीत, आणि हात पसरणे त्याहून हीन. अखेरीस अकरा दिवस व अकरा रात्री त्या सर्वांनी पाणी, झाडाची पाने आणि मूठभर रानखजूर यांवर काढल्या. वडील आंधळे झाले होते, थकले होते. त्यांनी मुलांचा निरोप घेतला व त्यांचा अंत झाला.

आईचे मरण त्याहून कठीण. ती तापाने व भुकेने व्याकूळ पडली होती आणि खावयास मागत होती. तेव्हा सोळा वर्षांच्या रमाबाई एका शेजारणीच्या दारात भाकरी मागण्यासाठी उभ्या राहिल्या. जन्मात कधी मागितले नव्हते. तोंडातून शब्द निघेना, डोळ्यांतून पाणी मात्र वाहू लागले. त्या बाईने न विचारताच ओळखले व भाकरी दिली. भाकरी घेऊन त्या आईपाशी आल्या, पण आईला आता घास गिळवेना. थोड्याच वेळात तिने प्राण सोडला. प्रेत उचलण्यास चार माणसे हवीत. परक्या गावी, दुष्काळाच्या दिवसांत, दोघेच ब्राह्मण आले. तिसरा भाऊ श्रीनिवास, आणि चौथ्या रमाबाई स्वतः. स्मशान सुमारे तीन मैलांवर होते. रमाबाई उंचीने लहान, म्हणून खांद्याऐवजी त्यांस तिरडीचा भार डोक्यावर घ्यावा लागला. पुढे कलकत्त्यास विद्वानांनी त्यांस पंडिता ही पदवी दिली ती लोक सांगतात. आम्हांस मात्र वाटते की, ज्यास रमाबाई समजावयाच्या आहेत त्याने त्या तीन मैलांपासून आरंभ करावा. थोरली बहीणही लवकरच वारली, आणि जगात दोघेच भाऊबहीण उरली.

ती दोघे चालू लागली. दक्षिणेकडून उत्तरेकडे, पंजाब व काश्मीरपर्यंत, तेथून पूर्वेस बंगालपर्यंत. सारा हिशेब केला तर रमाबाई सुमारे ४,००० मैल पायी चालल्या. कधी खावयास भिजविलेले धान्य व मीठ, कधी तेही नाही. झेलम नदीच्या तीरी थंडी अशी पडली की, अंगावर घेण्यास काही नसल्यामुळे बहीणभावांनी वाळूत थडग्यासारखे दोन खड्डे खणले, त्यांत निजून तोंडाखेरीज सारे अंग कोरड्या वाळूने झाकून घेतले, आणि रात्र काढली. हे सर्व पुण्याच्या आशेने चालले होते. परंतु वाटेवर त्यांनी काय काय पाहिले? गावोगाव लहान वयाच्या विधवा, केस काढलेल्या, एकवेळ जेवणाऱ्या, घरात नकोशा झालेल्या. ते मैल त्यांच्या मनात साठत गेले. पुस्तकातून विधवांची दशा वाचणारे पुढे पुष्कळ झाले. रमाबाईंनी ती वाटेने पाहिली होती.

कलकत्त्याचे दिवस आम्ही थोडक्यात सांगतो. १८७८ मध्ये ती दोघे तेथे पोहोचली. एक तरुण ब्राह्मण कन्या संस्कृतात बोलते हे ऐकून पंडितांनी परीक्षा घेतली व त्यांस पंडिता आणि सरस्वती ह्या पदव्या दिल्या. १८८० मध्ये श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला. तो जातीबाहेरचा विवाह होता. १८८१ मध्ये मनोरमा ही कन्या झाली, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पती पटकीने वारला. वयाच्या चोविसाव्या वर्षी रमाबाई स्वतःच विधवा झाल्या, मांडीवर मूल घेऊन. त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापिला, आणि हंटर कमिशनपुढे स्त्रियांस स्त्री-डॉक्टर व स्त्री-शिक्षक हवेत अशी साक्ष दिली. इंग्लंडास जाण्यासाठी कोणा श्रीमंताकडे हात पसरण्याऐवजी त्यांनी स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले व त्याच्या विक्रीतून वाटखर्च उभा केला. १८८३ मध्ये वाँटेज येथे मुलीसह त्यांचा बाप्तिस्मा झाला.

आता ज्या भागाशी आपल्या बेताचा अगदी जवळचा संबंध आहे तो सांगतो. १८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेस गेल्या. त्यांची नातलग डॉ. आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियास डॉक्टर होत होत्या. तो समारंभ पाहावा एवढाच प्रथम हेतू होता. पण तेथे त्या दोन वर्षांहून अधिक काळ राहिल्या. गावोगाव, शहरोशहरी जाऊन त्यांनी हिंदुस्थानातील बालविधवांची हकीकत सांगितली, आणि उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहून त्याचे उत्पन्न याच कामास लाविले. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येत; परंतु भरलेल्या डोळ्यांनी आज एक डॉलर देणारा मनुष्य उद्या विसरतो, हे बाईंनी ओळखले होते. म्हणून १८८७ च्या डिसेंबरात बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाले ते वचनाच्या पायावर. गावोगाव लहान मंडळे निघाली. सभासदाने वर्षास निदान एक डॉलर, आणि तो दहा वर्षे, देण्याचे लिहून द्यावयाचे. अशा लहान लहान वचनांतून वर्षास सुमारे ५,००० डॉलरांची सोय झाली. खजिनदार निराळा, विश्वस्त निराळे, आणि दरसाल जमाखर्च छापून देणगीदारांच्या हाती. दहा वर्षे ते वचन पाळले गेले.

आपल्या मंडळीने पायी फेरी काढावयाची तर ह्याच गोष्टी अगोदर कराव्यात असे आमचे मत आहे. चालण्याच्या आदल्या महिन्यात प्रत्येक चालणाऱ्याच्या हाती एक वही असावी, तीत वचन देणाऱ्याचे नाव, कोसामागे किती, आणि सही अथवा अंगठा. दोन रुपये लिहिणाऱ्या मजुराचे नाव दोनशे लिहिणाऱ्या दुकानदाराच्याच पानावर यावे. पैसा कोणत्या लेकरांसाठी, कोणत्या आश्रमासाठी, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहावे, आणि फेरीनंतर जमाखर्च उपासनेच्या वेळी मोठ्याने वाचून दाखवावा. राजूरच्या घाटाचा चढ ज्यांस झेपणार नाही अशा वृद्धांस सपाट वाटेने अर्धा कोस चालू द्यावे. त्यांच्या अर्ध्या कोसाचे वचनही वहीत चढते. आणि आपल्या वऱ्हाडचे ऊन ठाऊक असल्यामुळे चैत्र-वैशाखात हा बेत करू नये, पौषातली सकाळ बरी. एवढे बोलून आम्ही पुन्हा रमाबाईंकडे वळतो.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन उघडले, आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास गेले. तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई यांचा १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाह झाला, हे सर्व महाराष्ट्रास ठाऊक आहे. सदनात धर्माची सक्ती नव्हती. परंतु रमाबाई आपल्या खोलीचे दार लावून प्रार्थना करीत नसत, आणि काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसत. त्यावरून पुण्यात मोठा गहजब झाला. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर आदी सल्लागारांनी आपले अंग काढून घेतले, आणि सुमारे पंचवीस मुलींस त्यांच्या पालकांनी परत नेले. आम्ही येथे कोणाचा न्याय करीत नाही. पालकांची भीतीही खरी होती. एवढेच सांगतो की, बोस्टनच्या माणसांनी वचन मोडले नाही, आणि सदन बंद पडले नाही.

मग १८९६–९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातील बातम्या पुण्यास येऊ लागल्या. येथे रमाबाईंपुढे खरी अडचण उभी राहिली, आणि ती आमच्या वाचकांनी नीट समजून घ्यावी. हाती जो पैसा येत होता तो उच्चवर्णीय बालविधवांच्या शिक्षणासाठी वचन दिलेला होता. दुष्काळात पडलेल्या मुली सर्व जातींच्या. त्यांतील पुष्कळ विधवाही नव्हत्या, केवळ पोरक्या होत्या. त्यांच्यासाठी कोणीही, कोठेही, एक आणाही लिहून दिलेला नव्हता. घरी बसून, अगोदर वर्गणी जमू द्या, मग जाऊ, असे म्हणणे अगदी शहाणपणाचे झाले असते. पण ज्या मुलीने १८७४ साली परक्या दारात भाकरीसाठी हात पुढे केला होता तिला ते शहाणपण मानवले नाही. त्यांनी जॉर्ज म्यूलर यांचे चरित्र वाचले होते, आणि लेकरांसाठी देव देईल असा भरवसा धरला होता. त्या मध्य प्रांतात गेल्या.

तेथे त्यांनी दुष्काळी कामांच्या छावण्या व गरीबखाने पाहिले. उघड्यावर पडलेली हाडांची लेकरे. आणि ज्यांस थोडे वय आले होते अशा मुलींच्या भोवती त्यांची भूक विकत घेण्यास टपलेली माणसे. छावणीच्या दारावर सरकारी पहारा असला तरी आत कोणाच्या मुलीचे रक्षण होत नव्हते, हे बाईंनी स्पष्टपणे लिहून प्रसिद्ध केले, आणि त्यामुळे अधिकाऱ्यांची नाराजी ओढवून घेतली. तरी त्या एवढेच लिहून थांबल्या नाहीत. सुमारे ३०० मुलींस आश्रय द्यावयाचा असा त्यांनी निश्चय केला व मुलींचे थवे पुण्याकडे येऊ लागले. उवांनी भरलेली डोकी, फोडांनी भरलेली अंगे, अन्न पाहताच एकमेकींच्या हातून हिसकावणाऱ्या. कित्येकींस पहिले काही आठवडे एका जागी बसणेही ठाऊक नव्हते. सुंदरबाई पवार आदी सहकारिणींनी त्यांस न्हाऊ-माखू घातले, औषध लाविले, आणि काहींस मूठमातीही दिली, कारण सगळ्याच वाचल्या नाहीत.

अडचणीवर अडचण अशी की, १८९७ मध्ये पुण्यात प्लेगाची साथ होती, आणि एवढ्या मुली शहरात ठेवू नयेत असा हुकूम झाला. तेव्हा कामी आली केडगावची जमीन. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव स्टेशनाजवळ सुमारे १०० एकर उजाड जमीन बाईंनी शारदा सदनाच्या उत्पन्नासाठी पूर्वीच घेतली होती. संत्र्या-आंब्यांची बाग करून सदनाने स्वतःच्या पायांवर उभे राहावे हा हेतू. त्या जमिनीवर झोपड्या व तंबू उभे राहिले, विहिरी खणल्या गेल्या, आणि बागेऐवजी माणसांचे रोप लागले. १८९८ मध्ये तेथे मुक्ती सदनाचे समर्पण झाले. त्याच वर्षी बोस्टनच्या वचनाची दहा वर्षे पुरी झाली. बाई स्वतः अमेरिकेस गेल्या, जमाखर्चाचा व कामाचा हिशेब दिला, आणि असोसिएशन नव्याने उभे राहिले.

१८९९–१९०० चा दुष्काळ आला तेव्हा आपल्या वऱ्हाडासही त्याने सोडले नाही. छप्पन्नाचा दुष्काळ म्हणून ज्याची आठवण आपल्या आजीपणजींनी सांगितली असेल तो हाच. कापूस गेला, ज्वारी गेली, नदीनाले आटले. त्या काळी अलायन्स मिशनने अकोल्यास मुलांसाठी व खामगावास मुलींसाठी आश्रम चालविले. आमच्या जिल्ह्यात जी कुटुंबे आपल्या वंशावळीचा आरंभ एखाद्या अनाथाश्रमातून सांगतात, त्यांस यात लाज वाटण्याजोगे काही नाही. कोणी तरी त्यांच्या पणजीस हाताला धरून तेथे नेले होते. त्याच सुमारास रमाबाईंचे लक्ष गुजरात व काठेवाडकडे होते. ह्या खेपेस त्या एकट्या गेल्या नाहीत. तीन वर्षांपूर्वी ज्या मुली मध्य प्रांतातून हाडांच्या सापळ्यासारख्या आल्या होत्या त्यांपैकी काही आता धडधाकट झाल्या होत्या. त्याच बाहेर पडल्या व पोरक्या मुलींस घेऊन आल्या. हजारांहून अधिक नव्या मुली आल्या, आणि १९०० च्या सुमारास केडगावी दोन हजारांच्या आसपास जीव राहत होते. एवढ्या जणींस रोज दोन वेळ जेवू घालणे म्हणजे काय, हे ज्यांनी गावजेवण एकदा तरी पार पाडले आहे त्यांस सांगावयास नको.

त्यांस नुसते बसवून खाऊ घालावे असे बाईंच्या मनात कधी आले नाही. शेती, दुभती जनावरे, विणकाम, तेलघाणा, शिवणकाम, छापखाना, अशी कामे मुलीच करीत. अंधांसाठी बार्तमी सदन निघाले; मनोरमाबाईंनी अंधांची लिपी शिकून घेऊन ती तेथे शिकविली. पतित म्हणून टाकलेल्यांसाठी कृपा सदन, वृद्ध व दुर्बळ स्त्रियांसाठी प्रीती सदन. ज्यांची छायाचित्रे छापून देणग्या मागितल्या जातात अशा संस्था त्या काळीही होत्या, आणि मुक्तीच्या मुलींची छायाचित्रेही परदेशी छापली गेली, हे आम्ही लपवीत नाही. तथापि आपल्या फेरीत आश्रमातील लेकरांस पुढे चालवून त्यांचे हाल पाट्यांवर लिहू नयेत. चालावे थोरांनी, लेकरे वाटेत पाणी पाजण्यास उभी राहिली तर शोभून दिसेल.

अखेरची वर्षे बाईंनी पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतरास दिली. खेड्यातील अडाणी बाईसही कळेल अशी भाषा त्यांस हवी होती. त्यासाठी त्यांनी मूळ इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास केला, आणि ते भाषांतर मुक्तीच्याच छापखान्यात मुलींच्या हातांनी छापले गेले. १९१९ मध्ये सरकारने त्यांस कैसर-इ-हिंद पदक दिले. जिच्यावर पुढच्या कामाचा सर्व भार टाकावयाचा ती मनोरमा जुलै १९२१ मध्ये वारली. ज्या बाईने आई, वडील, बहीण, भाऊ व पती यांस एकेक करून पोहोचविले होते तिने आता एकुलत्या एका लेकीस पोहोचविले. त्यानंतर नऊ महिने भरण्याच्या आत, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाई झोपेतच गेल्या.

मुक्ती मिशन केडगावी आजही चालू आहे, आणि निराधार मुली व स्त्रिया तेथे राहतात. आमच्या जिल्ह्यातील ज्या मंडळीस फेरीची रक्कम पाठविण्यापूर्वी एखादा आश्रम डोळ्यांनी पाहून यावा असे वाटेल, तिने दोन वडील व एक भगिनी निवडून धाडावीत. मलकापुरास आगगाडीत बसावे, भुसावळ व मनमाडवरून दौंडास उतरावे. तेथून पुण्याकडे जाणाऱ्या गाडीने केडगाव जवळच आहे.